साडेतीन एकरांसाठी पहिला छोटा ट्रॅक्टर: कोणता घ्यावा आणि सोबत कोणती अवजारे?

पन्हाळ्याचा_पायथा:
नमस्कार. पन्हाळा तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे, पण ती एकसलग नाही. दोन एकर ऊस, तीस गुंठे टप्प्याटप्प्याचे भाताचे रान आणि उरलेल्या तीस गुंठ्यांत वैरण, गोठा व घर, अशी तिची विभागणी आहे. मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करत असल्यामुळे रविवार सोडला तर सर्व शेती वडीलच पाहतात. त्यांचे वय ६६ आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी बैलजोडी विकली आणि तेव्हापासून प्रत्येक कामासाठी भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहावी लागते. गावातील ट्रॅक्टरवाले आधी मोठी राने उरकतात आणि आमच्या तुकड्यांची पाळी येईपर्यंत रानाचा वापसा (मशागतीला योग्य अशी ओल) निघून गेलेला असतो. पॉवर टिलरचा विचार केला होता, परंतु त्याच्यामागे दिवसभर चालणे वडिलांना आता जमणार नाही.

विक्रेत्यांकडे चौकशी केली असता १५ एचपीपासून २८ एचपीपर्यंत सर्व काही दाखवले जाते आणि प्रत्येक जण आपल्याकडे जे शिल्लक आहे तेच आमच्या रानाला कसे योग्य आहे हे पटवून देतो. किती एचपी पुरेसे होतील, फोर व्हील ड्राइव्ह खरोखर लागेल का, आणि पहिल्या वर्षी कोणती अवजारे घेणे शहाणपणाचे ठरेल, याविषयी स्वतः वापरणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

शिरोळचे_काळे_रान:
दादा, एचपीचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की आपल्या उसाची सरी किती फुटांची आहे, म्हणजे दोन ओळींत अंतर किती? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय ट्रॅक्टर पाहायला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मी स्वतः उलट क्रमाने गेलो आणि पहिले दीड वर्ष ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा ठेवून भांगलणीला (खुरप्याने तण काढायला) मजूर शोधत फिरलो.

लहान ट्रॅक्टरचा ऊसपट्ट्यातील खरा उपयोग आंतरमशागतीत, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधल्या मशागतीत आहे. ऊस सरीत उभा असतो आणि ट्रॅक्टरला दोन ओळींमधल्या वरंब्यावरून जावे लागते. सरी साडेचार फुटांची असेल, तर मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत तीन ते सव्वातीन फूट रुंदीचा ट्रॅक्टर उसाला न घासता जातो. सरी साडेतीन फुटांची असेल, तर बाजारातला जवळपास कोणताही चालकाने बसून चालवायचा ट्रॅक्टर तिथे निरुपयोगी आहे, मग तो १५ एचपीचा असो वा २४ एचपीचा. म्हणून विक्रेत्याकडे जाताना खिशात मोजपट्टी असावी आणि छापील माहितीपत्रकावर विश्वास न ठेवता टायरची रुंदी स्वतः मोजावी. काही मॉडेलमध्ये रिम उलटी बसवून चाकांमधले अंतर कमी-जास्त करता येते, तेही विचारावे.

आता एचपीविषयी. महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ यांसारखे १५ एचपीचे एका सिलिंडरचे ट्रॅक्टर हलक्या रानात आंतरमशागतीला आणि फवारणीला चांगले आहेत. परंतु आपल्याकडे भात आहे आणि चिखलणी (पाणी भरून रानाचा चिखल) करावी लागणार आहे. टप्प्याच्या रानात एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात चढताना, ओल्या बांधावर, दोन चाकांची ओढ असलेला हलका ट्रॅक्टर जागीच चाके फिरवत बसतो. त्यामुळे आपल्यासाठी महिंद्रा जिवो २४५ किंवा कुबोटा बी२४४१ यांच्या गटातील, म्हणजे २४ एचपीच्या आसपासचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर योग्य ठरेल असे वाटते. माझ्याकडे शिरोळची भारी काळी जमीन आहे, तिथे हेही कधीकधी कमी पडते. पन्हाळ्याकडच्या तांबड्या रानात पडणार नाही.

अवजारांत पहिल्या वर्षी फक्त रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) आणि सरी सोडण्याचा रिजर घ्यावा. रोटाव्हेटर साडेतीन फुटांपेक्षा मोठा घेऊ नये. विक्रेता चार फुटी सुचवील आणि रिकाम्या रानात तो चालेलही, पण मग तो उसाच्या ओळीत जाणार नाही. साडेतीन फुटी रोटाव्हेटरने ताशी अडीच किलोमीटर वेगाने, वळणे धरून, एकराला सुमारे दोन तास लागतात. आपल्या क्षेत्राला ते जड नाही. पल्टी नांगर (माती उलटवणारा खोल नांगर) मात्र घेऊच नये. लावणीच्या वर्षी एकदा खोल नांगरट लागते आणि ती मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घेणेच योग्य. वर्षानुवर्षे नुसता रोटाव्हेटर फिरवला, तर पाच-सहा इंचांखाली कठीण थर तयार होतो आणि मग पाणी मुरत नाही.

हिशेबी_करवीर:
वरील तांत्रिक सल्ला योग्य आहे, परंतु मूळ प्रश्न बाजूला राहिला आहे. साडेतीन एकरांना ट्रॅक्टर परवडतो का? आपण तास मोजू. उसात तीन वेळा आंतरमशागत, प्रत्येक वेळी एकरी दोन तास धरले तर दोन एकरांना बारा तास. भाताच्या दोन चिखलण्या, तीन-चार तास. लावणीपूर्वीची मशागत आठ तास, आणि तीही दर वर्षी नाही, कारण खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेले पीक) असेल त्या वर्षी ती लागतच नाही. शेणखत, वैरण आणि इतर किरकोळ कामे धरून फार तर पन्नास ते साठ तास होतात. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून सहा लाख धरले आणि दहा वर्षांनी निम्मी किंमत परत आली असे मानले, तरी वर्षाला तीस हजार, म्हणजे तासाला पाचशे रुपये नुसती झीज झाली. त्यात डिझेल, व्याज, विमा काहीच धरलेले नाही.

भावकीतील दोन-तीन घरांनी मिळून घेतल्यास हा आकडा निम्म्यावर येईल. अर्थात, ज्यांच्यात सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दर उन्हाळ्यात बोलणे बंद होते, त्यांनी सामाईक ट्रॅक्टर घ्यावा असे मी कोणत्या तोंडाने सांगू, हाही प्रश्नच आहे.

तरीही घ्यायचाच असेल, तर ट्रॅक्टरवरचे सरकारी अनुदान सोडू नये. साडेतीन एकर म्हणजे सुमारे १.४ हेक्टर, त्यामुळे आपण अल्पभूधारक गटात येता. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, सातबारा ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या, म्हणजे बहुधा वडिलांच्या नावाने करावा लागेल. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. सणाच्या मुहूर्तावर घाईने पावती फाडणाऱ्या अनेकांचे तसे झाले आहे. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीचे दरपत्रक समोर ठेवून घासाघीस करू नये.

शिरोळचे_काळे_रान:
हिशेबी यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात वापशाची किंमत धरलेली नाही. तांबडे रान दोन दिवसांत वाळते. त्या दोन दिवसांत ट्रॅक्टर आला नाही तर भरणी, म्हणजे उसाच्या बुडाला माती लावणे, आठ-दहा दिवस लांबते, तण उसाबरोबर वाढते आणि मग भांगलणीचा मजूर लावावा लागतो, तोही मिळाला तर.

गडहिंग्लजचा_फिटर:
मी ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतो. खरेदीपूर्वी दोन गोष्टी आवर्जून तपासाव्यात. पहिली म्हणजे क्लच. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर पेडल पूर्ण दाबले की ट्रॅक्टरबरोबर पीटीओही (मागचे अवजार फिरवणारा दांडा) थांबतो, म्हणजे गच्च रानात किंवा खोडव्याच्या बुडख्यात अडकल्यावर रोटाव्हेटर फिरता ठेवून ट्रॅक्टर थांबवता येत नाही. दुहेरी क्लच असेल तर ती अडचण येत नाही. दुसरी म्हणजे पुढच्या ॲक्सलची ऑइल सील. चिखलणीच्या हंगामानंतर माझ्याकडे येणाऱ्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरपैकी बहुतेकांचे दुखणे तिथेच असते. चिखलातून बाहेर काढल्यावर त्याच दिवशी धुऊन ग्रीस केले, तर ती वर्षानुवर्षे टिकते. सुटे भाग वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत मिळत नसतील, तर तो ट्रॅक्टर कितीही चांगला असला तरी घेऊ नये.

ट्रॉलीबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून सांगतो. ऊस कारखान्याच्या तोडणी-वाहतुकीत जातो, त्यामुळे आपल्याला ट्रॉली फक्त शेणखत आणि वैरणीसाठी हवी. छोट्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन टनाच्या आतबाहेर असते. दीड टनाची भरलेली ट्रॉली पन्हाळ्याच्या उतारावर मागून ढकलू लागली, तर ब्रेक दाबूनही उपयोग होत नाही. उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरावे, न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याचा विचारही करू नये, आणि मागे संरक्षक कमान असलेले मॉडेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत. ट्रॅक्टर वडील चालवणार आहेत, हे लक्षात ठेवून मी हे लिहीत आहे.

पन्हाळ्याचा_पायथा:
सर्वांचे आभार. काल रानात जाऊन मोजले. एका तुकड्यात सरी चार फुटांची आहे आणि दुसऱ्यात, जिथे सध्या खोडवा उभा आहे, तिथे जेमतेम साडेतीन. म्हणजे आज ट्रॅक्टर आणला तरी निम्म्या उसात तो जाणार नाही. वडिलांना साडेचार फुटांची सरी मान्य करायला वेळ लागला, कारण ओळी कमी म्हणजे ऊस कमी असे त्यांचे गणित आहे. खोडवा गेल्यावर तो तुकडा साडेचार फुटांवर लावायला मात्र ते तयार झाले. अर्ज त्यांच्याच नावाने भरतो. चार फुटांच्या सरीत कोणी ट्रॅक्टर घातला आहे का?

शिरोळचे_काळे_रान:
घातला आहे. ऊस गुडघ्याएवढा होईपर्यंत जातो, तोही तीन फुटांच्या आतील रुंदीचा असेल आणि चालवणाऱ्याचा हात बसलेला असेल तर. त्यानंतर पाने मोडतात. त्या तुकड्यात लहान भरणीपर्यंत ट्रॅक्टर वापरावा आणि मोठी भरणी यंदा भाड्याच्या पॉवर टिलरने करून घ्यावी. रिजर पुढच्या लावणीलाच लागेल, तोवर त्याचेही पैसे गुंतवू नका.