शास्त्रीय संगीत महोत्सवांचं टीव्हीवरचं चित्रीकरण: कॅमेरे इतके का पळतात?

विलंबित_एकताल

परवा एका वाहिनीवर संगीत महोत्सवाचं थेट प्रक्षेपण पाहत होतो. बडा ख्याल चालू होता, लय अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ. अशा लयीत बारा मात्रांच्या एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, जवळजवळ मिनिटभर चालतं. तेवढ्या वेळात पडद्यावर दहा-बारा चित्रं बदलली: गायिका, तबला, दिव्यांची माळ, पहिल्या रांगेतले पाहुणे, वरून जिमी जिबचा (लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्याचा) झोका, पुन्हा गायिका. ती समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आली तेव्हा कॅमेरा प्रायोजकाच्या फलकावर होता.

माझा कॅमेऱ्याला विरोध नाही, हे आधीच सांगतो. सतारीवर मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकताना, वादक डाव्या हाताने तार पडद्यावरच आडवी ओढतो आणि एकाच पडद्यातून चार-पाच स्वर काढतो. सारंगीत तार बोटाच्या टोकाने दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी दाबतात. मांडवात तिसाव्या रांगेत बसणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, टीव्ही दाखवू शकतो. पण त्यासाठी कॅमेऱ्याला त्या हातावर थांबावं लागतं. मींड अर्ध्यावर असताना कट मारला तर स्वर कुठे जाऊन पोचला हे डोळ्यांना कळतच नाही, आणि कानही विचलित होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पॅनलवर बसून कुठला कॅमेरा घ्यायचा हे ठरवणाऱ्याला ताल मोजता आला पाहिजे. आलापीत चित्र शक्यतो बदलू नये. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर आल्यावर खुशाल बदला.

तिसरा_कॅमेरा

मी या कामात आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगायलाच हवी.

रॉक किंवा फिल्मी गाण्यांच्या कार्यक्रमात गाण्यांची यादी आधी हातात येते. कुठे गिटारचा तुकडा आहे, कुठे कोरस आहे, ते लिहून घेता येतं, तालीमही बघता येते. ख्यालाच्या मैफलीत राग कोणता हे अनेकदा कलाकार बसल्यावर कळतं. तबलजीला वाजवायला मोकळी जागा कधी देणार, पेटीवाल्याकडे कधी बघणार, हे त्यांचं त्यांनाच माहीत. आम्ही अंदाजाने चालतो.

कॅमेरे कुठे लावायचे हेही आमच्या हातात नसतं. मधल्या वाटेत ट्रायपॉड लावला की मागचे श्रोते ओरडतात. जिब डोक्यावरून फिरला की चिडतात, आणि ते बरोबरच आहे. प्रकाश वाढवला तर उष्णतेने तानपुरे उतरतात, कलाकार दिवे कमी करायला सांगतात, मग चित्रात दाणे येतात. प्रायोजकाचा फलक किती वेळा दाखवायचा हे करारात लिहिलेलं असतं.

आणि वीस मिनिटं एकच चौकट ठेवली तर किती लोक वाहिनी बदलतील याचाही विचार करा. तुम्ही बसाल. तुमच्या घरातले बाकीचे बसतील का?

माधवी_ब्रिस्टल

इथलं उदाहरण देते. इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधल्या वर्दी फार्मवर होणारा ग्लास्टनबरी हा रॉक-पॉप संगीताचा महोत्सव 1994 मध्ये पहिल्यांदा चॅनल फोरने टीव्हीवर आणला आणि 1997 पासून तो बीबीसीकडे आहे. तिथे गर्दी दाखवली नाही तर लोकच विचारतील की महोत्सव कुठे आहे. चिखल, खांद्यावर बसलेली माणसं, रंगमंच झाकून टाकणारे झेंडे, हे सगळं त्या अनुभवाचा भाग आहे. त्यामुळे विलंबित यांचं «श्रोत्यांवर कॅमेरा नेऊ नका» हे मला पटत नाही. आपल्याकडेही दाद देणारा श्रोता मैफल घडवतो. त्याचा चेहरा का दाखवू नये?

खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो: प्रक्षेपणावर हक्क कोणाचा? 2013 मध्ये रोलिंग स्टोन्स हा बँड तिथे दोन तासांहून जास्त वाजला, पण बीबीसीला त्यातला सुमारे एकच तास दाखवायची परवानगी मिळाली. गायक नील यंगने 2009 मध्ये मोजकीच गाणी दाखवू दिली. 2025 मध्ये त्याचा कार्यक्रम दाखवणार नाही असं आधी जाहीर झालं आणि ऐनवेळी त्याने होकार दिला. त्याच वर्षी बॉब व्हिलन या जोडीच्या घोषणा थेट प्रक्षेपणातून बाहेर गेल्या, बीबीसीला दिलगिरी व्यक्त करावी लागली, आणि पुढे जोखमीचे वाटणारे कार्यक्रम थेट दाखवायचे नाहीत असा निर्णय झाला. कट किती सेकंदांनी झाला यावर आपण भांडतोय, पण «थेट» म्हणून आपल्यापर्यंत काय पोचू द्यायचं हेच दुसरं कोणी ठरवतंय.

रमणबाग_जुना

माधवीताई, दाद ऐकू आली की पुरे, दिसली नाही तरी चालेल. पण माझा मुद्दा याच्याही आधीचा आहे. समोर कॅमेरा असला की कलाकाराची नजर बदलते. समोरच्या श्रोत्याने मान हलवली म्हणून तीच जागा वेगळ्या अंगाने पुन्हा घेण्याऐवजी तो पडद्यावर कसा दिसतोय याचं भान ठेवतो.

1953 पासूनच्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र-रात्र गाणं चालायचं. पहाटेचे ललित, भैरव हे राग त्या त्या वेळेला ऐकलेली माणसं अजून आहेत. ते टीव्हीने बंद केलं नाही, रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवरच्या निर्बंधांनी केलं, हे मान्य. पण आता जो मर्यादित वेळ हातात उरलाय तोही कॅमेऱ्याच्या सोयीने वाटायचा?

गोदाकाठ

रमणबाग काका, तुम्ही मांडवात बसलात, आम्ही नाही बसलो. मी परभणीची. डिसेंबरात पुण्याला यायचं म्हणजे रजा, तिकीट, राहायची सोय, आणि घरी आजारी माणूस असेल तर तो विषयच संपला. माझ्या आईला ख्याल कळायला लागला तो मुंबई दूरदर्शनवरच्या कार्यक्रमांमुळे. स्टुडिओतले ते साधे कॅमेरे, मागे एक पडदा, तरी ती समोरून हलायची नाही. कलाकाराची नजर बदलते म्हणून आम्ही काहीच बघायचं नाही का?

माझी तक्रार मात्र आवाजाची आहे, आणि तिच्याबद्दल इथे कोणीच बोलत नाही. गायक थांबला की तानपुरा एकदम मोठा होतो, गाऊ लागला की गायब. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी यंत्रणा भाषणासाठी ठीक असेल, ख्यालासाठी नाही. तानपुऱ्याचा आधाराचा षड्जच डळमळला तर चित्र कितीही सुंदर असो, उपयोग काय?

तिसरा_कॅमेरा

गोदाकाठ, १००% सहमत. मांडवातल्या कर्ण्यांसाठी केलेलं मिश्रण जसंच्या तसं ओबी व्हॅनला, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीला, दिलं जातं, म्हणून हे होतं. प्रक्षेपणासाठी वेगळा ध्वनिमिश्रक हवा आणि श्रोत्यांकडे तोंड केलेले दोन मायक्रोफोन हवेत. अंदाजपत्रकात पहिली कात्री त्यालाच लागते.

विलंबित_एकताल

माधवी, श्रोते दाखवू नका असं मी म्हटलेलं नाही. गायिका समेवर येते त्या घटकेला दाखवू नका, एवढंच म्हणतोय. आणि काका, गोदाकाठ यांच्या प्रश्नाला आपल्यापैकी कोणाकडेही उत्तर नाही, त्यामुळे प्रक्षेपण हवंच.

तिसरा_कॅमेरा, यादी नसते हे खरं. पण युरोपात सिंफनीचं प्रक्षेपण करताना दिग्दर्शकाच्या शेजारी स्वरलिपी वाचणारा माणूस बसतो. पुढच्या चार मात्रांनंतर ओबो हे वाद्य येणार, हे तो आधी सांगतो. आपल्या मैफलीत आधी लिहिलेली स्वरलिपी नसते, पण मात्रा आहेत. तबला शिकणारा एखादा मुलगा व्हॅनमध्ये बसवा. नववी, दहावी, अकरावी असं मोजत त्याने टॉकबॅकवर, म्हणजे कॅमेरेवाल्यांच्या कानातल्या यंत्रावर, सांगायचं. फार खर्चाची गोष्ट नाही.

तिसरा_कॅमेरा

विलंबितात जमेल, मला करून बघायला आवडेल. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, नाही जमणार. गायकाने तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) ऐनवेळी वाढवली की मोजणाऱ्याच्या तोंडून «सम» निघेपर्यंत सम गेलेली असते, आणि मग माझा कट नेमका चुकीच्या जागी पडतो. तिथे मी गायक आणि तबला दोघंही दिसतील अशा रुंद चौकटीवरच थांबेन. मग तुम्हीच लिहाल की तबलजीचा हात दिसला नाही.

विलंबित_एकताल

नाही लिहिणार. द्रुतात ती दोघं एकमेकांकडे कशी बघतात हेच मला पाहायचं असतं.

रमणबाग_जुना

तो मोजणारा मुलगा मांडवातून उठवून व्हॅनमध्ये बसवू नका म्हणजे झालं. शिकत्या वयात त्याने समोर बसूनच ऐकलं पाहिजे.