मदत हवी आहे: बऱ्याच वर्षांनी हायवे आणि घाट चालवायचा आहे, सराव कुठून सुरू करू? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

गाडी मला चालवता येते, हे आधीच सांगते. इथल्या ड्रायव्हिंग स्कूलांत चौकशी केली तर सगळीकडे एकच कोर्स: क्लच, गिअर, रिव्हर्स, पार्किंग. मला त्यापुढचं हवंय.

पूर्वी इंदूर-नाशिक मी एकटी चालवत असे. सेंधव्यापुढचा बिजासन घाट भर पावसात उतरलेली आहे. पुढे मुंबईला राहायला गेलो, लोकल आणि बसमध्ये सगळं भागायचं, म्हणून गाडी विकून टाकली. आता सुदामा नगरला परत आलोय आणि नवी एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) गाडी घेतली आहे. गावात काही अडत नाही. पण आईला श्रावणात ओंकारेश्वरला न्यायचंय. अंतर तसं 80 किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये भेरूघाट आहे आणि ट्रक आहेत. दिवाळीत नाशिकही आहेच.

लायसन्सची मुदत बाकी आहे. मुदत संपून वर्ष उलटलं असतं तर आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागली असती. माझ्या बाबतीत तसं नाही, त्यामुळे मला कोणी तपासणारच नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय.

सगळ्यात मोठी अडचण ब्रेकची वाटते. माझ्या जुन्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं. चाकं लॉक होऊ नयेत म्हणून ब्रेक दाबायचा-सोडायचा, पुन्हा दाबायचा, हे पायात मुरलेलं आहे. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. तिथे ब्रेक पूर्ण दाबून धरायचा असतो हे वाचून माहीत आहे, पण आयत्या वेळी पाय वाचलेलं ऐकेल का? हे सुरक्षितपणे करून कुठे बघायचं? पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, पण तो कंपन्यांच्या गाड्या तपासायला.

दुसरं, क्लच नसलेल्या गाडीने घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक (खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच वेग आवरणं) कसा घ्यायचा?

तिसरं म्हणजे अंदाज. समोरून येणारी गाडी किती लांब आहे, ओव्हरटेक बसेल की नाही, हे पूर्वी आपोआप कळायचं. आता मी फार वेळ ट्रकच्या मागेच राहते, आणि मागचे हॉर्न मारून हैराण करतात.

कोणी असा मोठा खंड पडल्यावर पुन्हा सुरुवात केली असेल तर क्रम सांगा.

— इंदूरकरीण

प्रतिसाद: महूकर

ताई, ट्रकच्या मागे राहता ते उत्तम करता. हॉर्न मारणाऱ्यांना मारू द्या. अंदाज परत येतो, पण तो ओव्हरटेक करून आणायचा नसतो. ट्रकच्या मागे अंतर राखून चाला आणि मनात म्हणा, "आता निघाले असते तर बसलं असतं का?" मग समोरची गाडी येऊन जाईपर्यंत बघा. बरोबर आलं की चूक, लगेच कळतं आणि किंमत काही मोजावी लागत नाही. अंतर किती, तर पुढची गाडी ज्या खांबापाशी गेली तिथे आपण पोचायला किमान 3 सेकंद लागायला हवेत. 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे हे 66 मीटर झाले. पावसात याहून जास्त.

ब्रेकचा सराव रस्त्यावर करू नका, पहाटेच्या सुपर कॉरिडॉरवरही नको. बायपासच्या बाहेर कॉलन्या काटलेल्या असतात, आतले रस्ते तयार पण घरं नाहीत. मालकाची परवानगी घ्या आणि बाहेर एक माणूस उभा करा. आधी 30, मग 40 चा वेग, आणि ब्रेक एकदम शेवटपर्यंत. पेडल पायाखाली थरथरेल, खडखड आवाज येईल. तिथेच लोक घाबरून पाय काढतात. काढायचा नाही. नंतर तेच करताना स्टिअरिंग किंचित वळवून बघा, गाडी वळते. एबीएसचा खरा उपयोग तोच. थांबण्याचं अंतर ते दर वेळी कमी करतं असं नाही, गिट्टीवर तर वाढूही शकतं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे स्वतः जाणवल्याशिवाय पटत नाही.

घाटात एएमटी मॅन्युअल मोडवर टाका. उतार लागायच्या आधी दुसऱ्या गिअरला या. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका; वेग वाढला की ठाम दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा. न्यूट्रल कधीच नाही. जळका वास आला तर बाजूला घेऊन गार होऊ द्या, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, वाहन चालवण्याच्या 2017 च्या नियमांतही तसंच आहे.

पहिल्यांदा घाटात आईंना नेऊ नका. टॅक्सीचा एखादा जुना ड्रायव्हर दिवसाच्या रोजावर शेजारी बसवा आणि जे दिसतं ते मोठ्याने बोलत चालवा: "डावीकडे बाईकवाला, पुढे उतार, ट्रकचा ब्रेकलाइट." काय निसटतंय ते शेजारच्याला लगेच कळतं.

प्रतिसाद: नर्मदाकाठ

आपला श्रावण लागायच्या पंधरा दिवस आधी इथला सावन सुरू होतो. त्यात कावडिये (कावडीतून नदीचं पाणी नेणारे यात्रेकरू) रस्त्याच्या कडेने पायी चालत असतात, रात्रीसुद्धा. सोमवार टाळा, पहाटे निघून दुपारच्या आत परत या. आणि चाळिशी उलटली असेल तर आधी डोळे तपासून घ्या. समोरच्या गाडीच्या अप्पर लाइटने दिपायला होतं, त्यात कधीकधी दोष चष्म्याच्या नंबरचा असतो.

इंदूरकरीण

महूकर दादा, "निघाले असते तर" हे आजपासूनच सुरू करते. डोळ्यांची वेळ घेतली. एक राहिलं: उतारावर दुसऱ्या गिअरला इंजिन खूप ओरडतं, त्याला त्रास नाही ना होत?

महूकर

इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा लाल पट्ट्याच्या खाली असेल तर नाही. ओरडू द्या, तेवढा भार ब्रेकवरचा कमी होतोय. काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला तर आधी ब्रेकने वेग उतरवा. गिअर मात्र वरचा टाकू नका.