प्रतिसाद: महाबळेश्वरची थंडी आणि पुंजक्याचा कांदा

महाबळेश्वरला थंडी आहे, म्हणून तिथे युरोपातला पुंजक्याने वाढणारा कांदा (शॅलट, एका गड्ड्याचे अनेक छोटे गड्डे होणारा) जमेल, असं वर कुणीतरी लिहिलंय. मला ते पटत नाही. थंडीपेक्षा दिवसाची लांबी मोठी अडचण आहे. त्या जातींचा गड्डा पोसायला दिवसाला साधारण 14 तास उजेड लागतो. आपल्या साताऱ्यात ऐन जूनमध्येही दिवस 13 तासांच्या आसपासच असतो. मग नुसती पात माजते, खाली गड्डा धरत नाही. शिवाय जून लागला की महाबळेश्वरचा पाऊस! वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर. बेणं (लावायचे गड्डे) जागेवर कुजेल.

त्यापेक्षा तमिळनाडूचा सांबार कांदा लावा, तोही पुंजक्यानेच वाढणारा छोटा कांदा. पण तो कमी लांबीच्या दिवसाला सरावलेला आहे, आणि लावणीपासून साधारण 65 ते 70 दिवसांत निघतो. माण, खटाव, जत, आटपाडीचा कोरडा पट्टा त्याला मला फार योग्य वाटतो, फक्त पाण्याची सोय हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस पुरता हटल्यावर, सरीच्या दोन्ही बगलांना बोटभर-दीड बोटभर अंतराने नाही, चांगलं 10 सेंटिमीटर सोडून लावा. पुंजका फुटायला जागा लागते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात मात्र गादीवाफाच (उंच उचललेला वाफा) करा, पाणी साचलं की मुळं सडतात.

बेणं महाग पडतं, हेक्टरी टनाच्या वर जातं. म्हणून पहिल्या वर्षी एखादाच वाफा करा आणि निघालेले मध्यम, घट्ट गड्डे हवेशीर जागी बेण्याला राखा. बाजारातला ओलसर माल बेण्याला घेऊ नका.