कडक साहेब, सज्जन साहेब आणि ठेकेदाराची वही

शर्वरी :
‘समन्वय’ यांनी परवा इथे लिहिले की खरा नेता हा सेवक असतो, टारगेट आणि शिस्तीची भाषा कमकुवत अधिकारीच करतात, आणि माणसे आपुलकीने सांभाळली की काम आपोआप होते. त्यावरचे कौतुक वाचून मी अस्वस्थ झाले, कारण अशा आपोआप होणाऱ्या कामाची किंमत हाताखालची माणसे मोजतात.

अमेरिकी लेखक रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये सेवक-नेतृत्वाची कल्पना मांडली तेव्हा त्यांची कसोटी अशी होती की ज्यांची सेवा केली ती माणसे वाढली का. आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे हेच ज्याला कोणी सांगितले नाही, तो वाढणार कसा? ओहायो स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्याआधीच वरिष्ठाच्या वागण्याच्या दोन बाजू वेगळ्या काढल्या होत्या : माणसांची कदर आणि कामाची बांधणी, म्हणजे कोणी काय आणि कसे करायचे हे ठरवून देणे. एक वाढली म्हणजे दुसरी घटलीच पाहिजे असे नाही. फ्लाइशमन आणि हॅरिस यांनी १९६२ मध्ये ट्रक बनवणाऱ्या एका अमेरिकी कारखान्यातल्या ५७ फोरमनचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या वागण्यात कदर कमी होती त्यांच्या हाताखाली तक्रारी भरपूर होत्या, मग ते कामात कडक असोत वा नसोत. मात्र कदर करणाऱ्या फोरमनने कामाचा आग्रह वाढवला तरी तक्रारी फारशा वाढल्या नाहीत.

माझे पहिले साहेब अत्यंत सज्जन होते. कोणाला दुखवायचे नाही म्हणून कोणत्या गाडीचा माल कोणी भरायचा हे ते कधी ठरवतच नसत. महिनाअखेरीला ती भांडणे आम्हीच आपापसांत करायचो आणि ज्याचा आवाज मोठा तो सुटायचा. असा सज्जनपणा मला चांगले नेतृत्व वाटत नाही.

समन्वय :
शिस्त नको असे मी म्हटलेलेच नाही; शिस्तीची भाषा हेच ज्यांचे एकमेव भांडवल असते त्यांच्याविषयी मी लिहिले होते. मी बँकेत नोकरी केली. आमच्या शाखेत वसुलीच्या आकड्यांवरून सर्वांसमोर अपमान करणारे व्यवस्थापक आले, तेव्हा कर्ज थकू लागल्याची बातमी त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचेनाशी झाली आणि ती उघड झाली तेव्हा हातात करण्यासारखे काही उरले नव्हते. अभ्यासच हवे असतील तर जज, पिकोलो आणि इलिएस या संशोधकांनी २००४ मध्ये पूर्वीच्या संशोधनांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात कदरीचा नेतृत्वाच्या परिणामांशी असलेला सहसंबंध (शून्य म्हणजे नातेच नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी) ०.४८ आणि बांधणीचा ०.२९ निघाला. तुम्ही सोयीचा कारखाना निवडलात.

शर्वरी :
त्याच विश्लेषणात कदरीचे नाते समाधानाशी अधिक घट्ट आहे, आणि गटाच्या कामगिरीशी बांधणीचे नाते किंचित पुढे आहे, हे आपण गाळले. सोयीचे कोण निवडतो आहे?

चाकणचा फोरमन :
दोघांचेही वाचले. तक्रारींची संख्या मोजून फोरमन चांगला की वाईट हे ठरवायचे, तर तक्रार करणारा माणूस आधी कायम कामगार असावा लागतो. माझ्या लाइनवर बहुतेक मुले ठेकेदारामार्फत आलेली, कंत्राटी आहेत. त्यांना युनियन नाही, आणि तोंड उघडले की दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांचा पास चालत नाही. तुमच्या मापाने माझ्या शॉपमधला सर्वात क्रूर सुपरवायझर पहिल्या नंबरात येईल, कारण त्याच्याविरुद्ध एकही कागद नाही. तोच माणूस कायम कामगाराशी ‘दादा’ म्हणून बोलतो आणि ठेकेदाराच्या मुलाला नावानेही हाक मारत नाही.

मनुष्यबळ विभाग :
कंत्राटी पद्धतीचा विषय महत्त्वाचा असला तरी तो नेतृत्वाच्या चर्चेत मिसळू नये. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कंपनीवर येते, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनच आहे. वागणुकीचा प्रश्न प्रशिक्षणाने सुटतो, आणि आमच्याकडे प्रत्येक सुपरवायझरला ते दिले जाते.

चाकणचा फोरमन :
विषय मिसळू नये असे म्हणणारे लोक शॉपवर उभे राहत नाहीत. एका लाइनवर एकच बोल्ट घट्ट करणाऱ्या दोन माणसांचा पगार वेगळा आणि बसही वेगळी, मग नेतृत्व त्या दोघांना एक कसे असेल? तुमच्या प्रशिक्षणाला मीही बसलो आहे. परतलो त्याच संध्याकाळी प्लांट हेडने फोनवर विचारले की आकडा का पडला, आणि मी लाइनवर जाऊन तसाच ओरडलो.

समन्वय :
हे फ्लाइशमन यांनी १९५३ मध्येच दाखवले होते. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या फोरमनना प्रशिक्षण दिल्यावर वर्गातून निघताना त्यांची मते बदललेली होती, पण कारखान्यात परतल्यावर तो बदल टिकला नाही. फोरमन कसा वागेल हे त्याचा स्वतःचा साहेब कसा वागतो यावर अधिक अवलंबून होते. मनुष्यबळ विभागाने हे वर्ग सुपरवायझरऐवजी प्लांट हेडसाठी भरवावेत.

मनुष्यबळ विभाग :
प्लांट हेडला वर्गात बसवण्याचा अधिकार आम्हाला असता तर ही सूचना करण्याची वेळ आपल्यावर आली नसती.

शर्वरी :
फोरमनसाहेबांचा आक्षेप मला मान्य करावा लागतो : जिथे बोलण्याचीच भीती आहे तिथे तक्रारींची संख्या काहीच सांगत नाही. पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. त्याच १९६२ च्या अभ्यासात नोकरी सोडून जाणाऱ्यांचीही मोजणी होती आणि तिचाही कल तसाच निघाला. ठेकेदाराचा मुलगा कागद लिहीत नसेल, पण तो निघून तर जातो. ते मोजा.

चाकणचा फोरमन :
मोजणार कोण? मुलगा गेला की त्याची नोंद ठेकेदाराच्या वहीत होते. कंपनीच्या लेखी एकही माणूस कमी झालेला नसतो, कारण पुढच्या शिफ्टला त्याच जागी दुसरा उभा असतो, आणि त्याला काम शिकवेपर्यंत वाढलेले रिजेक्शन माझ्या नावावर पडते. तुमचे माप मला मान्य आहे. ती वही दर महिन्याच्या आढावा बैठकीत लाइननुसार प्लांट हेडसमोर ठेवायला लावा, म्हणजे कोणत्या सुपरवायझरकडून किती मुले पळाली हे त्याला माझ्या तोंडून ऐकावे लागणार नाही.