मदत हवी आहे: आईला आजारपणाचं इंग्लिश कसं शिकवू?

आई पुढच्या महिन्यात ताईकडे इंग्लंडला चाललीये, लेस्टरला, सहा महिने. तिला बीपी आणि शुगर दोन्ही आहे आणि ताई-भाऊजी दिवसभर कामावर, त्यामुळे घरी एकटी असताना काही झालं तर फोनवर स्वतःच सांगावं लागेल याचीच मला काळजी. मराठी मीडियममधून दहावी झालीये, वाचता येतं पण बोलायला घाबरते.

आय हॅव फीवर, आय हॅव हेडेक, आय फील डिझी एवढं पाठ झालंय. पण डॉक्टर पुढे विचारणार ना, कधीपासून, कुठे, किती दुखतंय, तिथे ती अडते. ठणकतंय, कळ येते, मुंग्या येतात, छातीत जळजळतंय हे सगळं ती पेन पेन म्हणूनच सांगते, आणि शुगर कमी होऊन हात थरथरतात, घाम फुटतो ते तर नीट सांगता यायलाच हवं.

शिवाय तिथे आकडे पण वेगळे, आपली १८० शुगर तिकडे १० होते आणि ताप सेल्सियसमध्ये, म्हणजे १०० ऐवजी ३७.८.

तिथल्या १११ या तब्येतीच्या सल्ल्याच्या हेल्पलाइनवर दुभाषी मागता येतो आणि इमर्जन्सीला ९९९ हे माहितीये, पण इंटरप्रिटर मागण्याइतकं तरी इंग्लिश बोलावंच लागणार.

कुणी आपल्या आईवडिलांना असं शिकवलंय का? देवनागरीत लिहिलेली सोपी वाक्यं, ऑडिओ, काहीही असेल तर प्लीज पाठवा. आणि रोज फोनवर डॉक्टर-पेशंट असा सराव घेतला तर भीती जाते का, अनुभव असेल तर नक्की सांगा.