टीव्हीने चित्रपटात स्वतःच्या फ्रेम घालाव्यात का?

धागालेखक

गेल्या महिन्यात एका नातेवाइकांकडे मोठा नवा टीव्ही आला आणि तो दाखवण्यासाठी त्यांनी आम्हां सगळ्यांना एक जुना चित्रपट पाहायला बसवले. चित्र लख्ख होते, रंग सुरेख होते, तरीही पहिल्या पाच मिनिटांतच मला काहीतरी खटकू लागले. पात्रे चालत नव्हती, बर्फावरून सरकत होती. नायिकेने चेहऱ्यासमोरून हात नेला तेव्हा तिच्या बोटांच्या कडेला गालाचा भाग क्षणभर विरघळल्यासारखा लहरला. यजमान फोनवर बोलण्यासाठी बाहेर गेले असताना मी रिमोट घेतला, चार मेनू उलगडून मोशन स्मूदिंग बंद केले, आणि तोच चित्रपट पुन्हा चित्रपटासारखा दिसू लागला.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रे, या गतीने चित्रित होतात. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. मोशन स्मूदिंगमध्ये टीव्ही लागोपाठच्या दोन फ्रेम ताडून पाहतो, कोणती वस्तू कुठून कुठे गेली असेल याचा अंदाज बांधतो आणि मधल्या फ्रेम स्वतः तयार करतो. हात चेहऱ्याआडून गेला किंवा माणूस गजांमागून चालला, की हा अंदाज चुकतो आणि कडा फाटतात.

माझे स्पष्ट मत असे आहे, की चित्रपटांसाठी ही सुविधा कारखान्यातूनच बंद असावी आणि ज्याला हवी त्याने ती चालू करावी. छायालेखक साधारणपणे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग एवढा प्रकाश देतो. त्यातून हालचालीला येणारी किंचित अस्पष्टता ही त्याने जाणूनबुजून ठेवलेली गोष्ट असते. त्या दोन फ्रेमच्या मध्ये न घडलेले काही घालण्याचा अधिकार यंत्राला कोणी दिला? शिवाय सोनी याला ‘मोशनफ्लो’ म्हणते, सॅमसंग जुन्या टीव्हींत ‘ऑटो मोशन प्लस’ आणि एलजी ‘ट्रूमोशन’. सर्वसामान्य माणसाने शोधायचे तरी कोणत्या नावाने? डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी ध्वनिचित्रफीत काढून प्रेक्षकांना ही सुविधा बंद करण्याची विनंती केली होती. चित्रपट करणाऱ्यांवर अशी वेळ यावी, यातच सारे आले.

प्रतिसाद १

आपल्या तळमळीचा आदर राखून मी पूर्ण असहमती नोंदवतो. २४ हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि गती कमी-जास्त होत असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, फितीच्या कडेला ध्वनी उमटवायचा म्हणून गती स्थिर ठेवणे भाग पडले, आणि ३५ मिमी फीत मिनिटाला ९० फूट धावेल अशी २४ फ्रेमची गती रूढ झाली. आवाज बरा यावा आणि महागडी फीतही फार खर्ची पडू नये, एवढाच त्यामागचा हिशेब होता. त्या तडजोडीला आज कलेचे सोवळे नेसवण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट, आपण जुन्या चित्रपटगृहाची आठवण मनात ठेवून आजच्या पडद्याचा न्याय करत आहात. फितीच्या प्रोजेक्टरमध्ये एकच फ्रेम दोनदा किंवा तीनदा चमकवली जाई आणि प्रत्येक वेळी मध्ये काळोख असे. माझ्याकडे ओलेड, म्हणजे ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो असा, टीव्ही आहे. त्याचे पिक्सेल इतक्या झटकन बदलतात, की प्रत्येक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंद खिळल्यासारखी उभी राहते आणि मग एकदम पुढची येते. कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश फिरू लागला, की मला दृश्य दिसतच नाही, फक्त ठेचा दिसतात, आणि अर्ध्या तासात डोळे दुखू लागतात. मोशन स्मूदिंग सौम्य ठेवले तरच मी चित्रपट शेवटपर्यंत पाहू शकतो. ते दोष नाही, माझ्यासाठी ती सोय आहे.

प्रतिसाद २

मी धागालेखकांच्या बाजूचा आहे. वरच्या प्रतिसादातील इतिहास बरोबर असला, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आकडा तडजोडीतून आला हे खरे. पण पुढची नव्वदेक वर्षे कलावंत त्या आकड्यात काम करत आले आणि त्याची भाषा घडली. ही भाषा बदलायचीच असेल तर ती चित्रपट करणाऱ्याने बदलावी. पीटर जॅक्सन यांनी २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ मालिकेचा पहिला भाग ४८ फ्रेमने दाखवला, ॲंग ली २०१६ मध्ये थेट १२० पर्यंत गेले. हे प्रयोग अनेकांना रुचले नाहीत. मलाही ‘हॉबिट’मध्ये गुहेऐवजी गुहेचा सेट दिसू लागला. तरी तो दिग्दर्शकाचा निर्णय होता, आणि चुकला असेल तर चूकही त्यांचीच होती. माझ्या दिवाणखान्यातल्या यंत्राने सर्व दिग्दर्शकांच्या वतीने एकच निर्णय घ्यावा, हे निराळे.

ॲनिमेशनकडे पाहिले की हा फरक अगदी उघडा पडतो. तिथे पुष्कळदा एक चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये नवखा स्पायडर-मॅन माइल्स काही प्रसंगांत असा १२ चित्रांनी हलतो आणि त्याच्या शेजारचा अनुभवी पीटर २४ चित्रांनी. पोराला अजून जमत नाही, हे संवादाशिवाय केवळ हालचालीतून कळते. टीव्हीला ती त्रुटी वाटते. तो मधली चित्रे भरायला धावतो, आणि दोघांतले जे अंतर कलावंताने मेहनतीने राखले, ते बुजू लागते.

प्रतिसाद ३

चर्चा फ्रेमची चालली आहे, पण मला धागालेखकांच्या पहिल्या परिच्छेदाविषयी बोलायचे आहे. यजमान बाहेर गेले असताना त्यांच्या टीव्हीची सेटिंग बदलणे मला मुळीच पटले नाही.

मी हेच माझ्या आईच्या बाबतीत केले होते. तिला न विचारता सर्व काही ‘योग्य’ करून मी घरी परतले. चार दिवसांनी तिचा फोन आला, “अगं, टीव्ही बिघडला वाटतं, माणसं अडखळत चालतात.” मी तिला २४ फ्रेम समजावून सांगितल्या. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग मला छान दिसत होतं ते चुकीचं होतं का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी जाऊन मी सगळे पूर्ववत केले. ती दिवसाचे चार तास त्या पडद्यासमोर असते, मी वर्षातून चार वेळा.

धागालेखक

प्रतिसाद ३ मधील आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. न विचारता रिमोटला हात लावणे चूकच होते. काल त्या नातेवाइकांना फोन करून तसे सांगितले. त्यांना हवे असल्यास मी येऊन पहिल्यासारखे करून देईन.

मूळ मुद्दा मात्र मी सोडत नाही. आईंना ते आवडले, कारण टीव्ही त्याच रूपात घरी आला आणि डोळ्यांना त्याचीच सवय झाली. म्हणूनच कारखान्यातून काय चालू येते याला मी एवढे महत्त्व देतो. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या व स्टुडिओंच्या संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. तो लावला की स्मूदिंग बंद होते आणि चित्राचा आकार व फ्रेमची गती मूळची राहते. उत्तम सोय आहे, परंतु बऱ्याच टीव्हींवर ती शोधून लावावी लागते. टीव्ही प्रथम चालू करताना भाषा विचारतात, वायफाय विचारतात, तसा एक प्रश्न हाही विचारावा आणि दोन्ही नमुने पडद्यावर शेजारी शेजारी दाखवावेत.

प्रतिसाद १ साठी एक विचारणा: आपल्याला दिसणाऱ्या ठेचांपैकी काही वेगळ्या कारणाने नसतील ना? ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ६० च्या पडद्यावर एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते. ती लंगडी चाल निराळी आणि ओलेडचे खिळणे निराळे. १२० च्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम नेमकी पाच वेळा येते. आपला पडदा १२० चा असला, तरी जोडलेले उपकरण ६० नेच पाठवत असू शकते.

प्रतिसाद १

तपासले. उपकरण खरोखरच ६० वर होते. फ्रेमची गती चित्रपटाशी जुळवण्याचा पर्याय त्यातच होता, तो चालू करून कालचाच प्रसंग पुन्हा पाहिला. लंगडेपणा गेला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. डोंगररांग मात्र अजूनही ठेचा खाते, त्यामुळे डी-जडरची, म्हणजे या ठेचा कमी करणाऱ्या स्मूदिंगची, पट्टी मी दहापैकी तीनवर ठेवली आहे आणि ती तिथेच राहील. ॲनिमेशन पाहताना शून्यावर आणीन. तेवढे प्रतिसाद २ चे म्हणणे मला पटले आहे.