रीजनल एअरलाइन्समध्ये पायलटांचा तुटवडा खरंच आहे का? मुलाच्या लोनवर सही मागितली आहे

चैत्रपालवी:
नमस्कार. आम्ही ओहायोत राहतो, घरात सगळ्यांची ग्रीनकार्डं आहेत. मुलगा २० वर्षांचा, कॉम्प्युटर सायन्सचं दुसरं वर्ष संपत आलंय. आता म्हणतो कॉलेज सोडून फ्लाइट स्कूल. प्रायव्हेट पायलटचं लायसन्स त्याने स्वतःच्या कमाईतून काढलंय, त्यामुळे हे चार दिवसांचं खूळ नाही, एवढं मला मान्य आहे.

पुढचा खर्च साधारण लाखभर डॉलर. लोनवर आमच्यापैकी एकाची सही लागणार. शाळेचा माणूस फोनवर फार गोड बोलतो. देशात पायलटच नाहीत, रीजनल एअरलाइन्स (मोठ्या कंपन्यांसाठी छोट्या मार्गांवर उडणाऱ्या) दारात उभ्या राहून उचलतील, पहिल्या वर्षापासून ताशी ९० डॉलर. नवऱ्याने लगेच ९० गुणिले ४० गुणिले ५२ केलं आणि तो आता मुलाच्या पार्टीत. मला काही ते पचत नाहीये. इथे कुणी या लाइनमध्ये आहे का? गोड-कडू जे असेल ते सांगा.

घारू:
माझ्या मित्राचा मुलगा २०२२ मध्ये लागला, बोनससकट. दोन वर्षांत मोठ्या एअरलाइनमध्ये गेलासुद्धा. एवढे लोक रिटायर होतायत, जागा निघणारच. सही करून टाका, मुलगा दुवा देईल.

डावी_सीट:
मी रीजनलमध्ये ई-१७५ या छोट्या जेटवर कॅप्टन आहे, त्याआधी सीआरजे जेटवर होतो. कंपनी कुठली ते विचारू नका.

आधी यजमानांचं गणित. आमचा तास म्हणजे ब्लॉक तास. विमान गेटवरून हललं की मीटर सुरू, पुढच्या गेटला लागलं की बंद. बोर्डिंग, विमानाभोवती टॉर्च घेऊन मारलेली फेरी, दोन फ्लाइटांच्या मधे टर्मिनलवर काढलेले तीन तास, यांचा ताशी पगार सहसा नसतो. महिन्याला ७५ तासांच्या आसपास गॅरंटी असते. म्हणजे ९० गुणिले ७५ गुणिले १२, झाले ८१,०००. शिवाय बाहेर असताना जेवणखाणाचा भत्ता. वाईट पगार अजिबात नाही. पण यजमानांच्या हिशेबात १,८७,००० आलेत, ते डोक्यातून काढायला सांगा.

हा ९० चा आकडा जून २०२२ मधला. अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या तीन रीजनल, एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए, यांनी तो पाठोपाठ जाहीर केला, आणि त्यातला मोठा हिस्सा तेव्हा ऑगस्ट २०२४ पर्यंतचा तात्पुरता म्हणून दिला होता. दोन महिन्यांत मेसा या दुसऱ्या रीजनलने १०० केले. त्याच्या दहाएक वर्षं आधी नवीन फर्स्ट ऑफिसरला (उजव्या सीटवरच्या सहपायलटला) ताशी २०-२५ मिळायचे. मी त्या दरात लागलो होतो. कंपन्यांना अचानक आमचं प्रेम आलं नाही, विमानं जमिनीवर उभी राहायला लागली म्हणून हात सैल झाला.

ती का उभी राहिली, ते समजल्याशिवाय सही करू नका. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. रीजनलचे पगार, थकवा, ट्रेनिंग, सगळं चव्हाट्यावर आलं. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट) सर्टिफिकेट लागू लागलं, म्हणजे सरळ मार्गाने १५०० तास. आधी २५० तासांवर उजव्या सीटवर बसता यायचं. (कोलगनच्या दोन्ही पायलटांकडे १५०० हून जास्त तास होते, हे नियमाचे विरोधक आजही ऐकवतात. मी नियमाच्या बाजूचा आहे. या नियमाने आमचे पगार वर आणले, हे विरोधकांना जास्त खुपतं असं माझं मत.)

मग कोविड. मोठ्या कंपन्यांनी अनुभवी लोकांना पैसे देऊन लवकर घरी पाठवलं. प्रवासी अंदाजापेक्षा लवकर परतले, तेव्हा पायलट आणायचे कुठून? आमच्याकडून. २०२२ आणि २०२३ मध्ये रीजनलचे कॅप्टन भराभर गेले. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्ट या रीजनलने २९ छोट्या गावांची सरकारी अनुदानाची सेवा बंद करायची नोटीस दिली, कारण पायलट नाहीत. तो तुटवडा खरा होता, मी रोज बघत होतो.

पण तुटवडा कुणाचा होता हे फोनवरचा माणूस सांगणार नाही. फर्स्ट ऑफिसर भरपूर आले होते, कॅप्टन नव्हते. डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसायला एअरलाइनमधले १००० तास लागतात. कॅप्टन नाही म्हणून फ्लाइट नाही, फ्लाइट नाही म्हणून नव्या पोराचे तास भरत नाहीत, तास नाहीत म्हणून तो कॅप्टन होत नाही. त्यात ट्रेनिंगनंतर १२० दिवसांत १०० तास उडायचा नियम. तो चुकला की पुन्हा ट्रेनिंगला. शिवाय त्या विमानावर दोघांचेही ७५ तास झाले नसतील तर त्यांना एकत्र बसवता येत नाही. म्हणजे नव्या पोरासाठी मुरलेला कॅप्टन हवा, आणि मुरलेले तर गेलेले. पोरं महिनोन्‌महिने घरी बसून गॅरंटीचा पगार घेत होती. ऐकायला मजेचं वाटतं, पण पायलटची खरी शिदोरी म्हणजे तास, आणि तेच जमत नव्हते.

२०२४ मध्ये वारं फिरलं. बोइंगची विमानं वेळेवर येईनात, म्हणून युनायटेडने मे-जूनमध्ये नव्या पायलटांचे वर्ग थांबवले. स्पिरिट या स्वस्त एअरलाइनने पायलटांना घरी बसवलं. वर जागा हलेनात म्हटल्यावर आमच्याकडचेही कुणी हलेना, आणि खाली रांग लागली. घारू, तुमच्या मित्राचा मुलगा बरोबर वेळेवर जन्मला, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता मुद्द्याचं. आमच्या धंद्यात सगळं सीनियॉरिटी नंबरवर चालतं. कुठला बेस, कुठलं विमान, दिवाळीला घरी की फार्गोच्या हॉटेलात, सगळं. नंबर ठरतो रुजू झालेल्या तारखेवर, आणि तो दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या दोन रीजनल एका आठवड्यात बंद पडल्या. तिथले बारा-पंधरा वर्षांचे कॅप्टन पुढे जिथे लागले तिथे यादीच्या तळाशी. हुशारी, मेहनत, काही उपयोग नाही.

म्हणून माझं म्हणणं: मुलाकडे १५०० तास व्हायला बरं चाललं तरी तीनेक वर्षं जातील. तेव्हा बाजार कसा असेल हे शाळेलाही माहीत नाही आणि मलाही नाही. तुटवडा नाही असं धरून हिशेब करा. रीजनलने वर्षभर दार उघडलं नाही तरी हप्ते भरता येतील का? हो असेल तर सही करा.

टच_अँड_गो:
मी त्या रांगेतला. इन्स्ट्रक्टर आहे, १५०० कधीच ओलांडले. एका रीजनलचं कंडिशनल ऑफर लेटर हातात आहे, पण वर्गाची तारीख नाही. ईमेल केली की "लवकरच कळवू".

डावी_सीट सरांचं बाकी पटतं, पण "तेव्हा तुटवडा खरा होता" हे नाही पटत. एअरलाइन पायलटांची युनियन आल्पा पहिल्यापासून सांगते की सर्टिफिकेटवाले पायलट पुरेसे आहेत, कमी होता तो पगार. पगार वाढला तशी माणसं उगवलीच ना? रिपब्लिक या रीजनलने २०२२ मध्ये स्वतःच्या अकॅडमीच्या मुलांना १५०० ऐवजी ७५० तासांवर घ्यायची सूट मागितली, एफएएने (अमेरिकेच्या सरकारी विमानवाहतूक खात्याने) नाकारली. सूट मिळाली असती तर आज माझ्या पुढे आणखी दुप्पट रांग असती.

चैत्रपालवी, शाळेला एकच विचारा: इन्स्ट्रक्टर म्हणून नोकरी नक्की देणार का? २५० ते १५०० तासांचा टप्पा बहुतेक जण शिकवूनच काढतात, आणि लोनचे हप्ते तेव्हाच सुरू होतात. हिवाळ्यात तुमच्या ओहायोत ढग इतके खाली येतात की आठवडाच्या आठवडा विद्यार्थी उडत नाहीत. आम्हाला उडलं तरच पैसे.

डावी_सीट:
आल्पाचं बोलणं मी वर्गणी भरून ऐकतो. कंपन्यांची संघटना तुटवडा आहे म्हणते, कारण तिला तास कमी करून हवेत. युनियन नाही म्हणते, कारण आम्हाला पगार टिकवायचे आहेत. रिटायरमेंटचं वय ६५ वरून ६७ करायचा घाट घातला गेला तेव्हाही हेच, २०२४ च्या कायद्यात ते शेवटी ६५ च राहिलं. पगारामुळे लोक आले हे तुझं खरं आहे. पण पगाराने माणूस शाळेत येतो, कॅप्टन व्हायला त्यानंतरची वर्षं लागतातच. ती मधली पोकळी मी बघितली. इन्स्ट्रक्टरच्या नोकरीचा मुद्दा मात्र लाखमोलाचा, तो माझ्याकडून राहिला होता.

चैत्रपालवी:
दोघांचे मनापासून आभार. नवऱ्याला ८१,००० दाखवले, तो जरा गप्प आहे. अजून दोन प्रश्न. मुलगा म्हणतो, एव्हिएशनची डिग्री केली तर १००० तासच लागतात, मग कॉम्प्युटरची डिग्री कशाला पुरी करू? आणि मोठ्या कंपन्यांना आता डिग्री लागतच नाही म्हणतो, खरं का?

डावी_सीट:
दोन्ही खरं आहे आणि दोन्ही अर्धवट. एफएएने मान्य केलेल्या कॉलेजमधून एव्हिएशनची चार वर्षांची डिग्री आणि ठरलेले क्रेडिट्स असतील तर १०००, दोन वर्षांच्या डिग्रीवर १२५०. नुसत्या फ्लाइट स्कूलवर पूर्ण १५००. म्हणजे तो आत्ता कॉलेज सोडून जिथे जायचं म्हणतोय, तिथे ही सूट मिळणारच नाही. हे त्याला माहीत आहे का, विचारा. डेल्टाने २०२२ मध्ये डिग्रीची सक्ती काढली. पण सक्ती काढली म्हणजे अर्जांचा ढीग पडल्यावर बघत नाहीत असं नाही.

माझा मुलगा असता तर कॉम्प्युटरची डिग्री पुरी करायला लावली असती आणि उन्हाळ्यात इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत नुसत्या उपकरणांवर उडवायची परवानगी). थोडं थोडं करत गेला तर लोनही कमी लागेल. वर्षभर उशिरा रुजू झाला तर नंबर मागे जाईल, ते खरं नुकसान आहे, त्याच्या आतड्याला पीळ पडेल. तरी डिग्री.

कारण मेडिकल. एअरलाइनमध्ये कॅप्टनला फर्स्ट क्लास मेडिकल (सगळ्यात कडक तपासणीचं सर्टिफिकेट) लागतं, चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी. एक झटका, एक निदान, आणि माणूस जमिनीवर. माझ्या बॅचमधला एकजण असाच उतरला, नशिबाने अकाउंटिंग शिकलेला होता.

तेव्हा लोनच्या कागदाला हात लावण्याआधी मुलाला फर्स्ट क्लास काढायला पाठवा. प्रायव्हेट लायसन्ससाठी थर्ड क्लास निघालं म्हणून हेही निघेल असं धरू नका. आणि लहानपणी एडीएचडीची किंवा नैराश्याची गोळी कधी दिली असेल तर सरकारी फॉर्म भरायच्या आधी एव्हिएशन मेडिकल एक्झामिनरशी नुसती सल्ल्याची अपॉइंटमेंट घ्या. एकदा फॉर्म दाखल होऊन प्रकरण एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या मेडिकल ऑफिसला गेलं की उत्तर यायला महिने लागतात, आणि शाळेची फी तोवर थांबत नाही.

चैत्रपालवी:
तसं काही औषध नव्हतं. पण चष्मा आहे, मायनस चार. चालतो ना?

डावी_सीट:
चष्म्यासकट २०/२० दिसत असेल तर चालतो. मलाही आहे. जादा चष्मा बॅगेत ठेवायला सांगा.